पाच कोटींचं नाणं

प्रताप नगर, नागपूर
१७ नोव्हेंबर १९७४

प्रिय चंपत,

रुपरावचा नमस्कार. काटोलहून धाडलेली संत्र्यांची पेटी पोचली. हिचा खोकला उतरला आहे. वहिनींची कंबर कशी आहे?

जर्मनीचं ते घोडेवालं नाणं मिळालं, असं मागच्या पत्रात तोऱ्यात कळवलं होतं. कसं मिळालं, ते गाळलं.

वाडीला गोदामांमागे बायजाबाई नावाची म्हातारी एका खोलीत राहते. तिचा नवरा लहानू दुसऱ्या मोठ्या लढाईत इटलीला फौजेचा ड्रायव्हर होता. तिथं त्यानं एका जर्मन कैद्याला आपली रोटी दिली. त्या कैद्यानं हे नाणं दिलं. लहानू गेला. नाणं बायजाबाईनं कुंकवाच्या जुन्या करंड्यात जपलं. आता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी विकायला काढलं आणि जुनी नाणी घेणारा म्हणून मला निरोप धाडला.

"काय लिहून आहे गा यावर?" तिनं विचारलं.

"पाच कोटी."

ती हरखली. मी लगेच म्हणालो, "पहिल्या लढाईनंतर तिथं महागाई अशी भडकली होती मावशी, की पाच कोटीत पावाचा तुकडाही येत नव्हता. खोटंच समज."

महागाईचं खरं होतं. तू त्याचे दोनशे द्यायला बसला आहेस, हे मात्र गिळलं. दहाची नोट दिली. तिनं चाय पाजली आणि पाच रुपये परत केले. "खोट्या पैशाचे इतके काहून देऊन राहिले बाबू?"

मी ते पाच घेतले, चंपत. खिशात घातले!

'आधी खोटं म्हण, मग भाव कर,' हे तूच शिकवलंस. बावीस वर्षं मी ते हसत पाळलं. लोकांच्या उपासमारीचे तुकडे आपण चिंच लावून घासतो आणि मखमलीवर मांडतो. शिसारी येते.

घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "ज्याच्या रोटीचं ते नाणं, त्याच्याच बायकोले फसवलं तुमी?"

काल वाडीला गेलो. नाणं तिच्या हातावर ठेवलं, सगळं कबूल केलं, दोनशे रुपये पुढं केले. ती म्हणाली, "मंग त्या दिवशी माह्या घरची चाय काहून पेली गा?"

नाणं तिनं ठेवून घेतलं, पैशांना शिवली नाही. "इकीन, पण तुमाले नाही."

माझ्या पेटीतली बाकीची किती नाणी अशीच आली, हे आठवायची हिंमत होत नाही. तुला ते नाणं हवं असेल, तर पुरे दोनशे घेऊन तिच्याकडे जा आणि पहिलं वाक्य खरं बोल. तेवढं जमणार नसेल, तर माझ्या दारीही येऊ नकोस.

तुझ्याच हाताखाली तयार झालेला,
रुपराव