सरळ केलेला गंधार

मयूर विहार, दिल्ली, गुरुवार

प्रिय पूर्वी,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे मावशी’ म्हणतेस, आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत उरकणारं नाही. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच. इशिता तुला एक कागद पाठवणार आहे. तुझ्या आईने जाण्याआधी जानेवारीत गायलेली तोडी आता सगळ्यांसाठी बाहेर काढायचीय, आणि लेक म्हणून तुझी सही लागते. ती सही करू नकोस. आधी हे सांगून टाकते, कारण अर्ध्यात वाचणं सोडायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

रविवारी ताईंची श्रद्धांजलीची सभा झाली. तू आली नाहीस ते बरंच केलंस. मोठा हॉल, भिंतीएवढा पडदा, त्यावर ताईंचा तरुणपणचा फोटो, आणि खाली प्रायोजकाचं नाव फोटोपेक्षा मोठं. एकजण उठला, त्या आता स्वर्गात गात असतील म्हणाला. दुसरा उठला, तोही तेच म्हणाला. मागच्या रांगेत समोसे फिरत होते. मग इशिता गायला बसली, ताईंची शिष्या ती, आणि तानपुरा कुठला? तर मोबाइलमधला! ताईंचे दोन्ही तानपुरे घरात गवसणीत उभे, मी समोर बसलेली, आणि ही फोन मांडीशी ठेवून डोळे मिटतेय. शिसारी आली मला. उठून बाहेर जाऊन चूळ भरून आले.

तुला आठवत नसेल, तू तीन वर्षांची होतीस. तुझे गुलाबरावकाका कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या किचनमध्ये होते, आणि मी तुमच्याकडे पोळ्यांना लागले होते. दोन महिने ओट्याशी उभं राहून रोज तेच ऐकायचं. एक दिवस मी आतूनच ओरडले, ‘ताई, दुसरी तार उतरलीय, कान दुखतात.’ गाणं थांबलं. मला वाटलं, गेलं काम. ताई दारात आल्या, म्हणाल्या, ‘पोळी करपू दे. हात धू आणि इकडे ये.’ तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी तानपुरा घेऊन त्यांच्या मागे बसले. सूर खुलावा म्हणून तारेखाली दोरा सरकवायचा, तो माझ्या शिवणाच्या डब्यातला. तो केसभर इकडेतिकडे झाला की ताई मागे न बघता मान हलवायच्या. आमचं बोलणं तेवढंच. बाकी वेळ आम्ही भांडायचो, भाजीवरून, तुझ्या शाळेवरून, कशावरूनही.

तोडीला त्यांनी कधी पेटी घेतली नाही. म्हणायच्या, ‘पेटीचा गंधार म्हणजे दिल्लीतला बाबू. खुर्चीत बसला की उठत नाही.’ त्यांचा गंधार पेटीच्या खाली असायचा, जरासाच, आणि तो हलायचा. रिषभाकडे झुकून परत यायचा. तेवढ्या जागेसाठी इशिताला सोळा वर्षं रडवलंय त्यांनी. जानेवारीत रेकॉर्डिंगसाठी घरीच गायल्या. सकाळचे दहा, बाल्कनीत ऊन, दम पुरत नव्हता, दोनदा खोकल्या, एकदा मला म्हणाल्या, ‘शेवंता, झोपलीस का?’ पण गंधार! तसा गंधार मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. माझी बोटं तारेवर होती म्हणून बरं, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे.

मंगळवारी मला नोएडाला बोलावलं. साकेत म्हणून आवाजाचं काम करणारा आहे. त्याने कॉम्प्युटरवर वाकड्यातिकड्या रेघा दाखवल्या. ‘आंटी, देखो, यहाँ मैम का सुर नीचे जा रहा था. हर बार. मैंने सब सीधा कर दिया.’ खोकला काढला, माझं नाव घेतलेलं काढलं, ते ठीक. पण गंधार! एकेक गंधार उचलून पेटीवर नेऊन बसवलाय. हलत नाही, बोलत नाही, इस्त्री केल्यासारखा. साकेतचं मी काही म्हणत नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही. पण शेजारी इशिता बसली होती! मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, ‘मावशी, वय झालं होतं ना त्यांचं. लोक म्हणतील बेसूर झाल्या. त्यांचं नाव जपायला नको?’ नाव जपतेय म्हणे. जी गोष्ट त्यांनी जन्मभर कमावली तीच पुसून टाकली, वर नाव जपलं म्हणून सांगते. थू.

तुम्हा मायलेकींचं काय बिनसलं ते तुम्हाला माहीत. मी त्यात पडत नाही. चार वर्षं तू त्यांचं गाणं लावलं नाहीस, तेही मला कळतं. म्हणूनच भीती वाटते, तू न ऐकताच सही करशील आणि मोकळी होशील. मूळचं रेकॉर्डिंग साकेतकडे अजून आहे. ते तसंच्या तसं, खोकल्यासकट द्यायचं असेल तर द्या, नाहीतर काहीच नको, असं त्यांना लिही. तुझं ऐकावंच लागेल त्यांना.

आता उरलेलं. हे लिहायला दोन दिवस लागले. मंगळवारी इशिताने माझ्यापुढेही एक कागद ठेवला. साकेतने वाचून दाखवला: साथीच्या कलाकाराने हे ऐकलं आहे आणि गाणं खरं आहे. वर छापलं होतं, तानपुरा, शेवंता गुलाबराव शेळके. पूर्वी, अठ्ठावीस वर्षांत माझं नाव कुठे छापलं गेलं नाही. तबलेवाल्याचं यायचं, माझं नाही. ताईसुद्धा स्टेजवरून सांगायला विसरायच्या, आणि मी कधी आठवण करून दिली नाही. त्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं. गंधार मेलाय हे कानाला कळत होतं, आणि तरी मी सही केली. इशितावर थुंकले खरी, पण किळस येते ती माझीच. काल तिला फोन करून सांगितलं, माझी सही परत दे. म्हणाली, ‘आता कशाला मावशी, झालं ते.’ तुझ्याकडे येईल त्या कागदाला माझा कागद जोडलेला असेल. खाली मोठ्या अक्षरात माझी सही दिसेल, आणि तुला वाटेल, शेवंतामावशीने ऐकलंय म्हणजे बरोबरच असेल. बरोबर नाहीये. माझ्या सहीवर विश्वास ठेवू नकोस.

तुझीच,
शेवंतामावशी