चारही बाह्या सारख्या

मंगळवार, ११ मार्च

प्रिय आई,

पत्रात आधी साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. सध्या साष्टांगाला पोट आडवं येतं, तेव्हा उभ्यानेच घे. मी बरी आहे. पाय सुजलेत म्हणून नवऱ्याच्या चपला घालते. तो घरभर अनवाणी चपला शोधत फिरतो आणि माझ्या पायांकडे बघून न बघितल्यासारखं करतो. तू कशी आहेस? मशीनचा पट्टा बदललास का? शेजारच्या काकूंचा कोट अजून तुझ्याकडेच पडला असेल तर देऊन टाक, आणखी थांबलीस तर त्या त्यात मावायच्या नाहीत.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मधे बोलतेस आणि मग मी ठेवून देते. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. अक्षर शाळा सोडली तेव्हा होतं तिथेच थांबलंय, सावकाश वाच.

तर रविवारच्या फोनचं. तू म्हणालीस, "आपल्या घरात आजवर कुणाला कात्री लागली नाही." जन्मभर कात्री चालवलेल्या बाईने हे म्हणावं, म्हणून मला हसू आलं. मी हसले म्हणून तू चिडलीस. मग म्हणालीस, "पळपुटी ती पळपुटीच. शाळेतून पळालीस, नोकऱ्यांतून पळालीस, आता कळांनाही पाठ दाखव. पोट फाडूनच घ्यायचं असेल तर मला बोलावू नकोस."

शाळेचं खरं आहे. नोकऱ्यांचंही खरं, बेकरी सोडून. बेकरीतून मला काढलं होतं.

पण कळांचं तू ऐकून न घेता बोललीस, म्हणून ते नीट सांगते. डॉक्टरीणबाईंनी आमच्याच कागदाच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. पहिलं बाळ डोकं खाली करून शहाण्यासारखं बसलंय. दुसरं आडवं पसरलंय, स्टँडवरचा बाक एकट्याने अडवलेल्या माणसासारखं. त्या म्हणाल्या, पहिलं असं असलं की नेहमीच्या वाटेने होऊ शकतं. मग दुसरं आपलं आपण वळतं किंवा आम्ही वळवतो, पुष्कळदा जमतं. नाहीच जमलं तर पहिलं खालून आणि दुसरं पोटातून, म्हणजे दोन्ही दुखणी एकाच बाईला. नाहीतर आधीच तारीख ठरवून ऑपरेशन. त्यातही काही फुकट मिळत नाही. रक्त जास्त जातं, टाके असतात, पुढच्या खेपेचा विचार करावा लागतो आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, ठरवा, म्हणाल्या.

मी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुमच्या जागी नाही," असं म्हणून त्यांनी पेनला टोपण लावलं.

बाहेर बाकावर माझ्याएवढ्याच पोटाची एक बाई होती. तिलाही जुळी. ती नेहमीच्या वाटेने जाणार आहे, तिचं ठरलंय, आणि तिच्या तोंडावर भीतीचा लवलेश नाही. मी म्हटलं, "मी दुसरीकडून." ती म्हणाली, "पोचलो की भेटू." आम्ही पैलवानांसारखा हात मिळवला. बघ, परकी बाई.

मागच्या महिन्यापर्यंत मी नवऱ्याबरोबर सामानाच्या गाडीवर जात होते हे तुला सांगितलं नव्हतं, तू ओरडली असतीस. लोकांचं घरसामान हलवायचं, तेच. उचलायला मला कुणी देत नव्हतं, मी बसून काचसामान कागदात गुंडाळायची. गुंडाळायच्या जुन्या पेपरातल्या बातम्या वाचत बसले की तासाभरात सहाच कप गुंडाळून व्हायचे. असो. तिथे तिसऱ्या मजल्यावरचं एक कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. घरमालकीण सारखी म्हणे, "आलं तेव्हा जिन्यातूनच आलं होतं." नवरा म्हणाला, "आलं असेल मावशी, पण आज ते तुमचं ऐकत नाहीये." शेवटी खिडकीची चौकट काढली आणि दोर लावून खाली सोडलं. एक ओरखडा नाही. कपाटाला कुणी आळशी म्हटलं नाही, आणि पळपुटं तर नाहीच नाही.

नवऱ्याला विचारलं तुझं काय मत. म्हणाला, "पोट तुझं, मत तुझं. गाडी पुसून ठेवणं माझं." तो ड्रायव्हर आहे म्हणून तुला आवडत नाही, पण ज्याला उतरायचंय त्याला वळण कुठे घ्यायचं ते ठरवू द्यावं, इतकी अक्कल त्याला आहे.

मी कुठे होते? हां. मोजमाप.

अकरा वर्षांची असताना मी तुझं पडद्याचं कापड तिरकं कापलं होतं. तू मारलं नाहीस. टेप माझ्या गळ्यात अडकवलीस आणि म्हणालीस, "दहादा मोज, एकदा काप." तेवढं एक मी शाळेबाहेर शिकले आणि विसरले नाही. आई, मी मोजलंय. दोघांची वजनं विचारली, पुन्हा विचारली. आडवं बाळ वळलंय का ते तीन आठवडे बघितलं. रक्त लागलं तर ते तिथे ठेवलेलं असतं का, बाळांचे डॉक्टर हजर असतात का, हे नर्सबाईंना इतकं विचारलं की त्या मला बघून दुसऱ्या दाराने जातात. घरी जड उचलायला कोण, तेही ठरवलं. दहा भरले की नाही माहीत नाही, सातानंतर माझी मोजणी भरकटते.

आता पुढचं. हे मी तीन वेळा लिहून खोडलं, वर शाईचे डाग दिसतात ते त्याचेच.

धाकट्याच्या वेळी मी सहा वर्षांची होते. बाहेर बाकावर बसले होते, पाय जमिनीला पोचत नव्हते. तुला वाटतं मला काही कळलं नाही. डॉक्टर दारात म्हणाले, "बाळ मोठं आहे, ऑपरेशन करूया." आणि आतून तुझा आवाज आला, "मला कात्री नको. माझं मी करते." तू केलंस. सगळ्यांनी सांगितलं, नॉर्मल झालं. धाकटा आला तो डावा हात लोंबवत.

पुढे तो हात खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. तू म्हणायचीस, झोपेत आखडलाय, सुटेल. आणि त्याचा प्रत्येक शर्ट तू घरीच शिवलास. डावा मुंढा दोन बोटं मोठा, डावी बाही सैल, म्हणजे हात न उचलता घालता यावा आणि बाहेरून कुणाच्या नजरेत येऊ नये. एकोणीस वर्षं. इतकं सफाईदार काम मी कुठे पाहिलं नाही. आपल्या घरात नॉर्मल म्हणतात ते याला.

काल त्याला फोन केला. म्हणाला, "ताई, आईला अजून वाटतं ते दिसत नाही. मला एकदा दुकानातला शर्ट घालून बघायचाय, पण तिला कसं सांगू?" मी म्हटलं, मी सांगते. सांगितलं.

तुला दोष देत नाही. तुला कुणी कागदावर चित्र काढून दाखवलं नव्हतं, आणि तुझ्या डोक्याशी आजी उभी होती. डॉक्टरीणबाईंनाही मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमची बाळं लहान आहेत, भावाच्या बाबतीत झालं तसं इथे होण्याचं काही कारण नाही. मी म्हटलं, कळलं. तरी मला ती वाट नको. भीती वाटते म्हणून नको, असं समज हवं तर. वाटतेच. पण ती झाकायला मी काही शिवत बसणार नाही. विचारेल त्याला सांगेन, ठरवून ऑपरेशन केलं, मीच ठरवलं. कुणी तोंड वाकडं केलं तर मला तोंडाला तोंड देता येतं, ते तुझ्याचकडून आलंय.

गुरुवार, सत्तावीस तारीख, सकाळी आठ. तू मला पळपुटी म्हणालीस, तर हे ऐकून ठेव. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, एका जागी हजर असणार आहे. आणि तिथून पळायची सोय नाही, कमरेखाली बधिर करतात.

बोलावू नकोस म्हणालीस, म्हणून बोलावत नाही. नुसतं कळवते की बुधवारी तुमच्या स्टँडवरून सकाळी सहा दहाची बस इथे दुपारच्या आत येते, आणि नवरा स्टँडवर उभा राहणार आहे. चपला घालून, त्या दिवसापुरत्या मी त्याच्या परत देणार आहे.

येणार नसलीस तर बस रिकामी जाऊ दे, माझी तारीख हलणार नाही. येणार असलीस तर दोन झबली शिवून आण. चारही बाह्या सारख्या काप. पुढे एखादी बदलावी लागली तर उघड्यावर बदलू, सगळ्यांसमोर.

मोजून झालं, आई. आता कापायचं.

तुझी,
जागची न हलणारी
पळपुटी