फायनलच्या दुपारची बट्टी

माय, काल आम्ही जिंकलो. तेही धुळ्यात, आपल्या त्याच मैदानावर. दोन-शून्य! ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, म्हणून लिहितेय.

फुटबॉलची फायनल दुपारी तीनला होती आणि बाराच्या सुमारास यजमानांनी दोन्ही संघांना पंगत मांडली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. आपल्याकडे पाहुण्याने ताटावरून उठणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. तरी मी जळगावहून आणलेल्या माझ्या संघातल्या पोरींना उठवलं. सकाळी त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि दही दिलं होतं, आता हातात एकेक केळं ठेवलं. वाढणारे आबा तुपाची वाटी धरून बघतच राहिले. "बठ्ठं तुमनासाठे करेल शे, मॅडम!" सगळं आमच्यासाठीच केलं होतं, तरी मी हात जोडले. "आबा, आधी गोल, मग बट्टी. संध्याकाळी एक जरी उरली तर मला बोला." माझी गोलकीपर तर रडायच्या बेतात आली होती.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मग पंगतीत बट्ट्या जेवलेल्या धुळ्याच्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायला लागल्या आणि माझ्या पळतच होत्या. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल! माय, या वयात मी मैदानात नाचले.

डोळ्यांसमोर अजून तेच येतं: याच मैदानावर मी चौदा वर्षांची आहे. पोटात कळ येऊन मी खाली बसते आणि आम्ही हरतो. खेळाचे सर विचारतात, काय खाल्लं होतंस? मी सांगते, मायने बट्ट्या खाऊ घातल्या. सर सगळ्यांसमोर तुला झापतात, "पोरीला खेळवायचंय की झोपवायचंय?" तू पदर तोंडाशी धरून उभी. पुढच्या सामन्यापासून तू फडक्यात कळण्याची भाकरी आणि दोन केळी बांधून द्यायला लागलीस. त्याच शिदोरीवर आज लोक मला आहारातली जाणकार म्हणतात. पण तू मैदानावर पुन्हा कधी आली नाहीस.

आता तू नाहीस, हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकणार? किटच्या बॅगेत राहील. तू त्या हरलेल्या सामन्याच्या दिवशी दोनच बट्ट्या वाढल्या होत्यास. "बस कर वं, तुले पयनं शे," अशी पळायची आठवण देऊन टोपलं फळीवर ठेवलंस. तू पाण्याला गेल्यावर आणखी तीन मीच काढून खाल्ल्या. रिकामं टोपलं तू पाहिलं होतंस, तरी सरांपुढे बोलली नाहीस. काल संध्याकाळी दोन्ही संघ एका पंगतीत बसले, तेव्हा बट्टी मोडता मोडता मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तो सामना मायने नव्हे, मी घालवला होता.