खिशातल्या चिठ्ठ्या आणि एकवीस किलोमीटर

सोमवार, ३ फेब्रुवारी
रेसला नाव दिलं. २१ किलोमीटर, ९ मार्चला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, आधी इस्त्री नीट धर.

रेस डिमेन्शियावाल्या म्हाताऱ्यांच्या केंद्रासाठी आहे. पळणाऱ्यांनी ओळखीपाळखीत देणग्या मागायच्या, त्यातून केंद्र गाडी घेणार. म्हाताऱ्यांना सकाळी न्यायचं, संध्याकाळी सोडायचं. आमच्या लाँड्रीतल्या मोठ्या मालकांना, म्हणजे मालकांच्या वडिलांना, ती गाडी पाहिजेच. ते दिवसभर दुकानात असतात आणि दोनदा इस्त्रीवर हात भाजून घेतलाय. केंद्र लांब, मालकांना ने-आण जमत नाही. महिन्याभरात काही झालं नाही तर दुसऱ्या शहरातल्या आश्रमात ठेवणार. कायमचं.

आठवीत शाळा सोडली तेव्हा मोठ्या मालकांनीच मला घडी शिकवली. आता रोज विचारतात, नवीन आहेस का गं? मग परत कॉलरपासून शिकवतात. मी पण रोज शिकते.

उद्यापासून पाचला उठून पळणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ८.१०
उठले. झोप हा पण ट्रेनिंगचाच भाग असतो. व्हिडिओत सांगितलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
डेंटिस्ट बाई तीन कोट टाकायला आल्या. देणगीचं वाक्य पाठ होतं. तोंडातून आलं, "गुरुवारी मिळतील." बुधवारी मिळणार होते.

आई म्हणते, बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात. मी आंबे विकणार. न बोलता.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आयडिया सापडली. इस्त्री झाली की शर्टाच्या खिशात हळूच चिठ्ठी. 'मी २१ किमी पळणार आहे. म्हाताऱ्यांच्या गाडीसाठी मदत करा. पैसे काउंटरवर द्या. जोरात बोलू नका.' साठ लिहिल्या. लोक घरी जाऊन खिशात हात घालणार आणि त्यांना भरून येणार. मलाच लिहिताना आलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
पहिली प्रॅक्टिस. चौकापर्यंत पळाले, तिथून चालत आले. बूट दादाचे आहेत, ते माझ्या स्पीडला पुरत नाहीत. सात किलोमीटर तरी झाले. दादा म्हणतो चौक आठशे मीटरवर आहे. त्याने कधी टेप घेऊन मोजलंय?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
३२ चिठ्ठ्या गेल्या. कोणी काही दिलं नाही. पगार व्हायचे असतील.

मोठे मालक आज खुशीत. बाकी सगळं विसरले तरी खिसे तपासायचं काम त्यांचं अजून पक्कं. गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करून बघायचा, सापडेल ते पत्र्याच्या डब्यात. चाळीस वर्षांचा नियम. म्हणाले, हल्ली लोक खिशात फार कागद विसरतात.

मी म्हणाले, हो ना, लोकांचं लक्षच नसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
५८ गेल्या. शून्य. म्हणजे नक्की सगळे मिळून एकदम देणार. सरप्राइज.

प्रॅक्टिस केली नाही, पाय दुखेल म्हणून. अजून दुखला नाही. उपाय लागू पडतोय.

बुधवार, २६ फेब्रुवारी
एका शर्टाचं बटण हरवलं, म्हणून मालकांनी पत्र्याचा डबा उघडला. आत चार बटणं, एक किल्ली आणि माझ्या ५८ चिठ्ठ्या. कडेला कड लावून घडी घातलेल्या.

मालकांनी एक वाचली. मग दुसरी. तेच तर लिहिलंय सगळीकडे, तरी वाचत राहिले. मला वाटलं गेली नोकरी. तेवढ्यात डेंटिस्ट बाई आल्या. मालक त्यांना म्हणाले, हिला काहीतरी सांगायचंय. आणि आत निघून गेले. गद्दार माणूस.

मी इस्त्रीकडे बघत म्हणाले, "मोठे मालक मला रोज पहिल्यांदा भेटतात. ते लांब गेले तर मला रोज कोण शिकवणार?"

पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं.

बाईंनी पर्स उघडली. डेंटिस्टच त्या, समोरच्याचं तोंड उघडेपर्यंत थांबायची सवय असते.

सोमवार, ३ मार्च
पाच दिवस नुसती बोलतेय. वकील, बँकवाले, समोरचा न्हावी. घसा बसला. आई म्हणाली, ही माझी मुलगी नव्हेच. केंद्रातल्या बाईंचा फोन आला, सगळ्यांच्या देणग्या मिळून गाडी आली. आता फक्त पळायचं राहिलं. ते सोपं आहे. दोन तासांत येते.

रविवार, ९ मार्च
पहिले पाचशे मीटर सगळ्यांच्या पुढे. फोटो आहे. मग माझ्या मागचे पुढे गेले. मग केंद्रातल्या बाई चालत पुढे गेल्या, वर हात पण केला.

सहाव्या किलोमीटरला फुटपाथवर बसले. धोरण म्हणून. मागून पांढरी गाडी आली, दमलेल्यांना उचलणारी. कोरी करकरीत, सीटवरचं प्लास्टिक पण निघालं नव्हतं. आमचीच. म्हाताऱ्यांची.

रस्त्यावरून उचललेली पहिली मी.

आत मोठे मालक होते, मालकांनी गाडी दाखवायला आणलेले. त्यांनी सरकून जागा दिली. माझे खिसे तपासले. काही सापडलं नाही. मग विचारलं, नवीन आहेस का गं?

मी म्हणाले, हो, आजच लागले.

त्यांनी मला माझा घामेजलेला टॉवेल घडी करायला शिकवला. फिनिश लाइन आली तेव्हा आम्ही तिसऱ्या घडीवर होतो. उतरायचं राहूनच गेलं.

सोमवार, १० मार्च
पाय उचलत नाहीत. इस्त्री स्टुलावर बसून केली. सहा किलोमीटरची ही हालत, २१ पळाले असते तर मलाच इस्त्री मारायला लागली असती.

नऊला गाडी आली. मोठे मालक खिडकीजवळ बसून गेले. मालकांनी आश्रमाचा फॉर्म फाडला आणि तुकडे मला झाडायला लावले.

दुकान फार गप्प आहे.

दोन चिठ्ठ्या उरल्या होत्या. त्यातली एक सकाळी सवयीने चष्म्याच्या दुकानवाल्यांच्या शर्टात टाकली. आज खिसे बघायला कोणी नाही, म्हणजे पहिल्यांदाच एक चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या घरी पोचली. दुपारी चष्मेवाले परत आले. म्हणाले, तुमचा कागद चुकून आमच्या खिशात आला. काउंटरवर ठेवून गेले. घडीसुद्धा मोडली नव्हती.

डब्यात नाही टाकली. परत एका शर्टाच्या खिशात ठेवली. तो गठ्ठा बांधला नाही.

सहाला मोठे मालक येतील. त्यांना सापडेल.