बाबांची जांभई

ती. ताईस,

पोपटाचा साष्टांग नमस्कार. (तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे तुझ्या पायांपर्यंत पोचायला आता पोस्टाचाच आधार.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं पथ्य खरोखर चालू आहे, की कपाटामागे बिस्किटांचा पुडा अजून आहेच? इकडे मी ठीक, घर ठीक, मोरीतला नळ गळतोय. बाबांचं तू विचारणार नाहीस हे मला माहीत आहे, पण मला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही हे तुलाही माहीत आहे. माझं नाव पोपट तूच ठेवलंस, आता ऐक.

आधी त्या हाताचं बोलू. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा डावा हात उशीवर ओल्या टॉवेलासारखा पडून असायचा. त्या दिवशी मी त्यांची दाढी करत होतो. त्यांनी एक मोठ्ठी जांभई दिली, आणि काय सांगू, तो हात आपणहून कोपरात वाकून छातीपर्यंत वर आला! मी ब्रश टाकला, त्यांच्या अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून आधी तुला फोन केला, मग शेजारच्या वकीलकाकूंना ओरडून बोलावलं. काकू लाटणं हातात घेऊनच आल्या, त्यांना वाटलं चोर शिरला. तू मिळेल त्या गाडीने धावत आलीस. आणि हात? ढिम्म! तू तो कुरवाळलास, चोळलास, शेवटी त्याला दटावलंस. बाबा मात्र तुझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, ‘‘नाव लिहिलंय का बाहेर? बाकावर बसा, नंबर आला की बोलावतो.’’ जन्मभर लोकांचे दात पाहिले, त्या घटकेला ते आपल्या दवाखान्यातच होते गं. तू खरंच बाहेरच्या खोलीत जाऊन बसलीस, रडलीस आणि चहासुद्धा न घेता निघालीस. दारात म्हणालीस, माझ्यापुरते बाबा गेले. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

तर त्या हाताचं कोडं सोडवलं बाबांचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी. (वजन माझ्या निम्मं, आवाज माझ्या दुप्पट.) त्या म्हणाल्या, अर्धांगाच्या काही रोग्यांत असं होतं, जांभई आली की लुळा हात आपला आपण उचलला जातो. आपण ठरवून हात हलवतो तो मेंदूतला रस्ता वेगळा आणि जांभईचा वेगळा, फार जुना. झटक्याने पहिला तुटला, दुसरा शाबूत राहिला. हात बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. म्हणजे माझा चांगलाच पोपट झाला, आणि माझ्यामुळे तुझाही. पण पुढे त्या जे बोलल्या त्याने माझे कान टवकारले. मूल म्हणे आईच्या पोटातही जांभया देतं. जांभई का येते हे अजून कुणाला छातीठोकपणे सांगता आलेलं नाही, पण ती एकाची दुसऱ्याला लागते हे नक्की. बघून लागते, ऐकून लागते, नुसतं वाचूनही लागते. (तुला एव्हाना एक आली असेल. तोंडावर हात ठेव, नाहीतर भावोजींना लागेल.) आणि कुणीतरी अभ्यास करून असं मांडलंय, की परक्यापेक्षा घरच्या माणसाची जांभई लवकर लागते.

झालं, मी कामाला लागलो. बाबांना नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, पण जांभईला माणूस ओळखू येत असेल तर? आधी परकं माणूस म्हणून वकीलकाकूंना समोर बसवलं. त्यांनी आळोखेपिळोखे देत अशी काही जांभई दिली की मांजर कपाटावर चढलं. बाबा पुढे झुकले, त्यांच्या तोंडात डोकावले आणि म्हणाले, खालची अक्कलदाढ काढावी लागेल. काकूंनी आठवडाभर गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. मग इस्त्रीवाला. तो आधी लाजला, मग सुरू झाला तो थांबेचना, गाठोडं उराशी धरून दारात जांभया देतोय बापडा! बाबांनी त्याला तंबाखू सोडायला सांगितलं. शेवटी मी बसलो आणि तोंड उघडलं. बाबा दात बघायला पुढे झुकले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले, त्यांचा जबडा हळूहळू उघडला, डोळ्यांत पाणी आलं आणि तो हात वर आला. मी तो वरच्या वर धरला. चांगला उबदार होता. त्यांनी माझा हात धरला असं मी म्हणणार नाही, बाई ओरडतील. पण मी मात्र ढसाढसा रडलो.

तेव्हापासून मी उठल्यासुटल्या जांभया देतोय. सवय इतकी लागली की ऑफिसातल्या मीटिंगमध्ये एक निसटली. ती शेजाऱ्याला लागली, त्याची पलीकडच्याला, होता होता खुद्द साहेबांना, आणि त्यांना पुढचं बोलणंच आठवेना. माझा जबडा आता इतका दुखतो की भाकरी चाववत नाही. घरात दातांचे डॉक्टर आहेत, पण माझा नंबर लागत नाही.

बाकी विशेष काय लिहू? बाबांचं गिळणं कमी झालंय, घास तोंडातच राहतो. डॉक्टर पूर्वी महिन्याची औषधं लिहून द्यायचे, हल्ली आठवड्याचीच देतात. मी कारण विचारलं नाही. मला भीती वाटते गं.

तुझ्या कंबरेला शेक, भावोजींना ताकीद आणि तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
पोपट

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. एकदा ये आणि त्यांच्यासमोर बसून जांभई दे. बोलू नकोस, मी कोण ओळखा म्हणून विचारू नकोस. तू त्यांची लाडकी. माझ्या जांभईने हात छातीपर्यंत येतो, तुझ्या जांभईने डोक्यापर्यंत जाईल.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी सांगून टाकतो. काल पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. त्याने शिडीवर उभ्या उभ्या जांभई दिली आणि बाबांनी लगेच दिली की, हातासकट! त्या माणसाचा आपल्याशी सात पिढ्यांत संबंध नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, घरच्या माणसांचं ते सगळ्यांनाच पटलेलं नाही. तेव्हा माझं शास्त्र बुडालं.

ता. क. ३ : आज सकाळी मी जांभई दिली. बाबांनी दिली नाही. पुढे झुकून माझ्याच तोंडात पाहिलं आणि फार मायेने म्हणाले, दाढ काढावी लागेल, घाबरू नका, पण नंतर एकट्याने घरी जायचं नाही, सोबत कुणी आलंय का? ताई, मी म्हटलं, बहीण येतेय. ‘‘मग थांबू या तिच्यासाठी,’’ म्हणाले, आणि तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसलेत.