रायनाचा फोटो, घरच्या घरी

३ ऑक्टोबर
चौदा तारखेला माझ्या बायकोला, रायनाला, जाऊन वर्ष होईल. आमच्या गावात वर्ष झालं की माणसाचा फोटो छापलेला कागद फाटकावर लावतात. लोक वाचतात, आत येतात, साखर घातलेले उकडलेले गहू खातात, दोन शब्द बोलतात. चाळीसाव्या दिवसाचा कागद दुकानातून छापून आणला होता. त्यात रायना पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होती. या वेळी मी छापणार. फोटो छापायचं खास सॉफ्टवेअर घेतलंय. ते म्हणे सावल्या जपतं. वाचून सातवीचा कवितेचा तास आठवला.
मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दुकानात द्या ना सरळ." या पिढीला धीर नाही.

५ ऑक्टोबर
रायना हिरवी आली. शेजारीण झ्लातिना म्हणाली, "मास्तर, बाईंना बोट लागलीय की काय?"
दोष कागदाचा.

६ ऑक्टोबर, सकाळ
कागद बदलला. जांभळी.
कारण सापडलं. सॉफ्टवेअर रंग सुधारतं, मग प्रिंटर तो पुन्हा सुधारतो. आमचे हेडमास्तर असंच करायचे.

८ ऑक्टोबर
निश्चय: रायनावर प्रयोग बंद. चाचण्या माझ्याच फोटोवर. निवृत्तीच्या दिवशीचा, टायवाला.

९ ऑक्टोबर
यश! अस्सल राखाडी. हनुवटीखालची सावलीसुद्धा आली. मांडणी कळावी म्हणून काळी चौकट घातली, खाली नाव घातलं. प्रिंट दिवसाउजेडी पाहावा, असं सॉफ्टवेअरच सांगतं. म्हणून फाटकावर चिकटवला आणि पाव आणायला गेलो.
परत येतो तर फाटकाशी गर्दी. झ्लातिना रडतेय. माझा मित्र अस्पारुह सगळ्यांना सांगतोय, "काल पत्त्यांत हरला हो माझ्याकडून. मनाला लावून घेतलं!"
मी मागून म्हणालो, "चौकट जरा जाड वाटते का?"
झ्लातिना किंचाळली. मग डोळे पुसत म्हणाली, "फोटो मात्र छान आलाय, मास्तर. एरवी तुम्ही एवढे बरे दिसत नाही."
पहिली जाहीर दाद.

१० ऑक्टोबर
चौकट बारीक केली. आणखी काही प्रती काढल्या, माझ्याच. हात बसायला हवा.

१२ ऑक्टोबर
आज रायना. काळी शाई संपत आलीय. तालुक्याला नवी सोमवारी येणार. दुकानाचं नाव मी काढणार नाही.

१३ ऑक्टोबर
रायना आली! जरा फिकी, पण पहाटेच्या धुक्यातून पाहिल्यासारखी. फिकेपणातच काव्य आहे. फाटकावर लावली. गहू भिजत घातले.

१४ ऑक्टोबर
सकाळपासून टेबल मांडून बसलोय. गहू, पाव, वाइन. लोक फाटकाशी थांबतात, मान तिरकी करून बघतात, हसून पुढे जातात. झ्लातिना गेली, पोस्टमन गेला.
दुपारी अस्पारुह थांबला. मी उठलो. त्याने फाटकातूनच हाक मारली, "मेतोदी! आज शाई कमी पडली रे! तुझा फोटो जास्त चांगला आला होता!"
मी दार उघडून "ही चाचणी नाही" म्हणेपर्यंत तो वळणापलीकडे गेला होता.