बुढ्याचा पट्टा

१० नोव्हेंबर, सोम.
रोशनी वडश्याहून आली. पाठीवर ते काळं खोकं. माही नात ती, नाटक कंपनीत बास गिटार वाजवते, जाड्या तारांची, धुम धुम करते ते. मी अंगणात धान वाळू घालत होती. मागून आवाज आला. कट. खांद्याचा. माहा बुढा, रोशनीचा आज्जा, खाली बसाच्या आधी असाच डावा खांदा फिरवे, कट वाजे, मंग बसे. मी वळून पाह्यलं नाई. बुढा जाऊन तीन पावसाळे झाले, वळून कोणाले पाहू.
मंग मागून बोलली, "आजी वो, च्या ठेव."

१२ नोव्हें., बुध.
पोरीचा डावा खांदा खाली आला. चालते तर बुढ्यावानी. शेजारची शेवंता म्हणे, "बाई, काल सांजच्याले विहिरीपाशी मले वाटलं, भाऊच उभे आहेत." बुढ्याले ती भाऊ म्हणे. म्हटलं, तुह्या डोळ्यात मोतीबिंदू असन, दाखवून ये. तिले गप केलं. मले कोण गप करते.

१५ नोव्हें., शनि.
आज अंगणात उभ्यानं वाजवून राह्यली होती. गिटार पार मांडीवर लोंबते.
म्हटलं, "काऊन वो, पोटापाशी घे नं. लेकरू मांडीले बांधून कोणी फिरते का?"
"वर घेतली तं भजनातल्या बुवावानी दिसते आजी. स्टाईल नाई राहत."
"स्टाईल खांदा शेकून देते का?"
हासली. हासता हासता खांदा धरला.
गिटारीचं मुंडकं जड. सारखं जमिनीकडे जाते. डाव्या हातानं ते वर धरते आन् त्याच हातानं तारा दाबते. एक हात, दोन कामं. मंग पट्ट्याकडे नजर गेली. बुढ्याच्या ढोलाचा पट्टा. इतके दिवस कसा दिसला नाई

१६ नोव्हें., रवि.
आमच्यात माणूस गेला की त्याची वस्तू त्याच्या नावानं गाडलेल्या दगडापाशी नेऊन ठेवतात. अख्खी. बुढ्याचा ढोल तिथी मोहाच्या झाडाले टांगला. पट्टा नामदेवनं काढून घेतला, माह्या लेकानं, रोशनीच्या बापानं. "चांगलं चामडं आहे माय, बैलाले होते." नको म्हटलं होतं. ऐकते कुठी. बैलाले काई झाला नाई, खुंटीवर राह्यला, तिथून पोरीनं गिटारीले लावला.
बुढा जन्मभर दंडारीच्या नाचात उभ्यानं ढोल वाजवे. शेवटी शेवटी हात तोंडापर्यंत जाये नाई, मी घास भरवू. दोन बोटं रुंद पट्टा तो. त्यानं खांद्यात नाली पाडली होती, पाणी थांबीन अशी.
आज पोरीची पाठ घासून देली. तिथीच. तशीच नाली. अजून बारीक आहे.

२१ नोव्हें., शुक्र.
ब्रह्मपुरीले नेलं, व्यायामवाल्या डॉक्टरीनबाईकडे. रोशनीएवढीच पोरगी आहे. हाड बिघडलं नाई म्हणे, नस आवळली. असंच चाललं तं हात कायमचा कमजोर होईल.
पट्टा रुंद पाहिजे. गिटार वर, बसून वाजवतो तेवढ्याच उंचीवर. वजन दोन्ही पायावर, गुडघे ताठ नको. मान वाकवून तारा पाहाच्या नाई. हातानं मुंडकं उचलाचं नाई. खांदे कानाकडे चढले की श्वास सोडाचा. गाणं संपलं की उतरवून ठेवाची. सराव बसून. रोशनी मोबाईलमधी टाकत होती, मी डोक्यात.
निघताना इचारलं, "मॅडम, गेलेलं माणूस खांद्यावर बसलं असन तं?"
हासली नाई ती. म्हणे, "आजी, कोणी बसलं असेल तरी पट्टा बदलून पाहा. उतरेल कदाचित."
नामदेव संग होता. लाज वाटली म्हणे त्याले.

२३ नोव्हें., रवि.
सगळं ऐकते, पट्टा सोडत नाई. गिटार वर घेतली, तेवढी अक्कल आली.
"हा पट्टा असला की माहा ताल चुकत नाई. आज्जा मागून पाय ठोकते, आजी. मले ऐकू येते."
"कोणता पाय?"
"डावा."
बुढा डावाच ठोके. हिनं लहानपणी पाह्यलं असन. पाह्यलंच असन.
कंपनीचा मालक तिले म्हणे, नाटकाच्या आधी गाणी होतात, तिथी उभ्यानंच वाजवा लागते. नाई जमलं तं दुसरा वाजवणारा ठेवतो. पहिला प्रयोग ६ तारखेले.
"पट्टा सोडला आन् ताल गेला तं?"
म्हटलं, "ताल गेलेलं माणूस जगते. हात गेलेलं घास मागते. मी भरवला आहे, मले नको सांगू."
जेवली नाई. नको जेवू.

२७ नोव्हें., गुरु.
गिटारीच्या पट्ट्यासाठी खाटेची निवार उसवली, विणलेली रुंद पट्टी ती. बुढा शेवटी त्याच खाटेवर होता. मंग का करू, घरात दुसरी निवार कुठी आहे. बजारातली नायलॉनची घसरते. ही सुती, अंगाले धरून राह्यते. चामडं घासून घासून गुळगुळीत झालं होतं, खांद्यावरून सरके, म्हणून तं मुंडकं खाली जाये. निवार दुहेरी केली, मधात चादरीची घडी, दाभणानं शिवली. दाभण दोनदा बोटात गेला. रक्त लागलं तिथी उलटी बाजू केली.

२९ नोव्हें., शनि.
"दप्तराचा पट्टा वाटते," म्हणे. पण लावला.
मुंडकं जागच्या जागी राह्यलं. हात मोकळा. आन् ताल चुकला. परत चुकला. माह्याकडे असं पाहे, जसा मीच चोरून पदरात बांधला.
खांदा मात्र धरला नाई एकदाही. मी पाहूनच होती.

२ डिसेंबर, मंगळ.
बुढ्याच्या दगडापाशी गेलो, तिघंही. ढोलाचं कातडं गेलं, लाकडी खोडच राह्यलं, त्याले वाळवी लागली. नामदेव खाली मान घालून उभा. पट्टा रोशनीनंच बांधला. म्हणे, "आज्जा, तुहा पट्टा घे. पाय मात्र ठोकत जा."
मी दटावलं. गेलेल्याले काम सांगू नाई, तो नाई म्हणत नाई.
येताना मागं पाहाचं नसते. पोरीनं पाह्यलं. का दिसलं, मी इचारलं नाई.

७ डिसें., रवि.
काल वडश्याले प्रयोग. नामदेवनं मोटरसायकलवर नेलं, कंबरडं मोडलं माहं. पुढच्याच रांगेत बसली. पोरगी उभी राह्यली, गिटार पोटापाशी, दोन्ही खांदे सारखे. निवार दुरून पांढरी दिसे, जखमेच्या पट्टीवानी. गाणं झालं की उतरवे, हात झटके, परत घाले.
ताल चुकला नाई. डावा पाय ठोकत होती. तिचाच. मले तरी तेवढाच दिसला.
मालक म्हणे, बरं आहे, पाहू. होळीपर्यंत सिझन आहे.

११ डिसें., गुरु.
रोशनीचा फोन. खांदा बरा म्हणे, पण सकाळी जरा जड राह्यते. म्हटलं, सराव बसून करते का? "करतो वो आजी." खोटं बोलली का खरं, फोनवर खांदा दिसत नाई.
मंग म्हणे, "आजी, दोन दिवस झाले, मागून पाय ऐकू येत नाई." आनंदानं म्हटलं का दुःखानं, कळलं नाई. मी म्हटलं, बरं झालं. ठेवला.
नामदेव धान घेऊन राईस मिलले गेला. घरात मी एकटी, भर दुपार, तांदूळ निवडत होती.
मागून आवाज. कट.
आपला खांदा फिरवून पाह्यला. माहा वाजत नाई. परत फिरवला. नाई.
वळली नाई. खडे काढत राह्यली. म्हटलं, "आला का? खाटेले निवार नाई आता. खाली बस."